डोक्यातल्या लहरी आणि मनाचा घाव

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आवरलंय, बोलण्याची ढब तशीच ठेवलीय.)



आजचा भाग मी पालीतून रेकॉर्ड करतेय. रायगडातलं बल्लाळेश्वराचं पाली नव्हे बरं का, आमचं बीडचं पाली. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालात की हायवेला लागून येतं ते, बिंदुसरेच्या धरणाजवळचं. त्यामुळे मधूनमधून ट्रकचा हॉर्न ऐकू येईल, त्याला इलाज नाही.

विषय आहे मेंदूतल्या लहरी. आणि तो एका मेसेजवरून आलाय. जिनं पाठवला तिच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही इतपत बदलून सांगते. ती लिहिते, "ताई, पप्पा गेल्या वर्षी गेले. स्वतःच गेले. तेव्हापासून धाकटा भाऊ रात्री झोपत नाही. कानात हेडफोन घालून 'थीटा हीलिंग' असं काहीतरी लावून पडून राहतो. आता त्याला मोबाईलवर एका सेंटरची जाहिरात दिसलीय. ब्रेनवेव्ह थेरपी, ४० सेशनचं पॅकेज. मम्मीनं मुकादमाकडून उचल घेतली तरी तेवढे पैसे व्हायचे नाहीत. पण तो म्हणतो, यानंच मी बरा होईन. घ्यावं का?"

मी समुपदेशनाचं काम करते, मेंदूची डॉक्टर नाही. पण हा प्रश्न एकट्या तिचा नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या मोबाईलवर असले व्हिडिओ येतात. म्हणून म्हटलं, मुळापासून बघू. या लहरी असतात काय, मनाला मोठा धक्का बसल्यावर त्यांचं काय होतं, आणि त्यांना हात घालून माणूस बरा होतो का.

लहर म्हणजे काय?

आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी आहेत आणि त्या एकमेकींशी विजेच्या बारक्या बारक्या संदेशांनी बोलतात. एका पेशीची वीज कवटीच्या बाहेर मोजता येत नाही. पण हजारो-लाखो पेशी एका तालात चालू-बंद व्हायला लागल्या, की त्यांची मिळून एक लहर तयार होते. आठवडी बाजारात हजार माणसं एकदम बोलत असतात, तेव्हा लांबून नुसता कलकलाट ऐकू येतो. पण दिंडीत शंभरच टाळ एका ठेक्यात वाजले तर शिवेपलीकडून कळतं, दिंडी आली. ईईजीच्या मशीनला ऐकू येतो तो हा टाळांचा ठेका. कोण काय बोलतंय ते त्याला ऐकू येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

ही वीज किती असते? जागेपणी साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट. रिमोटमधला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, म्हणजे १५ लाख मायक्रोव्होल्टचा. नुसत्या पापणीची हालचाल किंवा आवळलेला जबडासुद्धा या लहरीपेक्षा मोठी वीज मशीनवर उमटवतो. दोन इलेक्ट्रोडचा हेडबँड घालून "तुमचं मन आत्ता ७२ टक्के शांत आहे" असं सांगणारं ॲप दिसलं, तर हा हिशेब आठवा.

माणसाच्या मेंदूची लहर पहिल्यांदा नोंदवली हान्स बर्गर नावाच्या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं, १९२४ साली. त्याच्यामागे एक गोष्ट आहे. तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली, बहिणीला वाटलं होतं की भावाला काहीतरी झालंय. मनातली भीती इतक्या लांब पोचली कशी, या प्रश्नानं त्याला आयुष्यभर सोडलं नाही. एका मनातून दुसऱ्या मनात जाणारी शक्ती त्याला सापडली नाही, पण शोधता शोधता ईईजी सापडला. पहिला निबंध त्यानं १९२९ मध्ये छापला.

वेगावरून या लहरींचे प्रकार पडतात. सेकंदाला चारपेक्षा कमी हेलकावे, ती डेल्टा, गाढ झोपेतली. चार ते आठ थीटा, पेंगताना आणि आठवणींचं काम चालू असताना दिसते. आठ ते बारा अल्फा. डोळे मिटून निवांत बसलं की डोक्याच्या मागच्या भागात ही ठळक होते आणि डोळे उघडले की विरते. तेरा ते तीस बीटा, म्हणजे सावध, कामात गुंतलेलं डोकं. त्याच्या वर गॅमा. आता यूट्यूब काय सांगतं, अल्फा चांगली आणि बीटा वाईट. तसं काही नसतं. परीक्षेत बीटा हवी, रात्री तीन वाजता डेल्टा हवी. प्रश्न येतो तो वेळ बदलली तरी ठेका बदलत नाही तेव्हा.

धक्क्यानंतर काय होतं?

माझ्या आईची मावशी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपलेली होती. सुमारे दहा हजार माणसं गेली. मावशीआजी वाचली. तीस वर्षं होऊन गेली, पण ती अजून झोपताना दाराला कडी लावू देत नाही. स्वयंपाकघरात पातेलं पडलं तर आम्ही म्हणतो "काय पडलं गं?" आणि ती तोवर अंगणात पोचलेली असते.

ती भित्री नाही. तिच्या मेंदूनं एकदा एक धडा घेतलाय, आणि तो धडा विचार करणाऱ्या भागाला न विचारता चालतो. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, अमिग्डाला. धोका ओळखणं हे त्याचं एक मोठं काम. कपाळामागचा भाग त्याला आवरतो, "अरे, पातेलं आहे ते." भावना आवरणं म्हणजे बरंचसं हेच, या दोघांमधली बोलणी. मोठ्या आघातानंतर काही जणांमध्ये राखणदार फार तिखट होतो आणि आवरणारा आवाज पोचत नाही. महिना उलटून गेला तरी दचकणं, दुःस्वप्नं, तो प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा घडणं, त्या जागा टाळणं हे चालूच राहिलं आणि रोजचं जगणं अडलं, तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात.

लहरींत हे दिसतं का? काही प्रमाणात, हो. पीटीएसडी असलेल्या लोकांच्या काही अभ्यासांत विश्रांतीच्या वेळची अल्फा कमी आणि बीटा जास्त आढळली. म्हणजे डोळे मिटले तरी डोकं पहाऱ्यावर. पण सगळ्या अभ्यासांत नाही आणि सगळ्या माणसांत तर नाहीच. काही जण आघातानंतर उलटे बधिर होतात, रडू येत नाही, आपलंच अंग परकं वाटतं. त्यांचं चित्र वेगळं असतं. त्यामुळे नुसता ईईजी काढून "याला आघात झालाय" किंवा "हा बरा झाला" असं आज कुणालाही सांगता येत नाही. निदान होतं ते माणसाशी बोलून.

आणि मशीनवर जास्त विश्वास टाकला की काय होतं, ते आपल्या महाराष्ट्रानं पाहिलंय. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूची ईईजीवर आधारलेली चाचणी पुरावा म्हणून धरली गेली. दावा असा, की आरोपीला नुसती वाक्यं ऐकवायची आणि लहरींवरून कळतं की तो प्रसंग त्यानं स्वतः अनुभवलाय का. शिक्षा झाली, जगभरच्या शास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं, की माणसाच्या मर्जीविरुद्ध नार्को, पॉलीग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. मघाचं वाक्य आठवलं? मशीनला ठेका ऐकू येतो, शब्द नाही. तुमची आठवण त्या कागदावर लिहिलेली नसते.

लहर बदलते ती कशानं?

आता मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो अभ्यास सांगते. रोमानियात १९८९ मध्ये हुकूमशाही कोसळली, तेव्हा तिथल्या सरकारी अनाथालयांमध्ये लाखाहून जास्त मुलं होती. खायला मिळायचं, पण एका बाईच्या वाट्याला कितीतरी लेकरं आणि पाळी बदलली की बाई बदलायची. रडलं तर उचलून घेणारं कुणी नाही, म्हणून मुलं रडायचीच थांबली होती.

२००० च्या सुमारास अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्ट शहरात अशा १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. सुरुवातीलाच ईईजी काढला. घरात वाढलेल्या मुलांपेक्षा या मुलांत संथ थीटा जास्त आणि अल्फा कमी होती. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं निवडून त्यांना पालक कुटुंबांत ठेवलं. औषध नाही, मशीन नाही. एक घर आणि रोज तेच चेहरे, एवढंच. मुलं आठ वर्षांची झाल्यावर पुन्हा मोजलं. जी मुलं दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली होती, त्यांची अल्फा जन्मापासून घरीच वाढलेल्या मुलांसारखी झाली होती. उशिरा गेलेल्यांची तशी झाली नव्हती.

एक मिनिट थांबून बघा, यात काय आहे ते. लहरींवर कुणी उपचार केलेच नाहीत. उपचार झाले जगण्यावर, आणि लहरी मागून आल्या.

हे बोलायला मी पालीतच का बसले, ते आता सांगते. याच गावच्या शिवारात इन्फंट इंडिया संस्थेचं आनंदवन आहे. दत्ता आणि संध्या बारगजे या जोडप्यानं उभं केलेलं, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचं घर. नातेवाइकांनीही ज्यांना जवळ घ्यायचं नाकारलं, अशी लेकरं तिथं वाढलीत. त्यांच्या लहरींबद्दल मी काही बोलत नाहीये. मी एवढंच म्हणतेय, की ज्याला जगानं हात लावायला नकार दिला, त्या पोराला रोज त्याच माणसांनी उठवणं, वेळेवर गोळी देणं, रागवणं, जेवायला वाढणं, ही साधी दिसणारी कामं आहेत. बुखारेस्टचे आकडे वाचले की कळतं, ती किती खोल जातात.

आणि "दोन वर्षांनंतर संपलं" असा अर्थ काढू नका. दोन वर्षांची ती सीमा त्या अभ्यासातल्या एका लहरीपुरती आहे, माणसापुरती नाही. मोठ्या वयातही मेंदू शिकतो. आघातावरचे आजचे उपचार सगळे त्याच भरवशावर चालतात.

मग ते पॅकेज?

त्या सेंटरवाल्या पद्धतीला न्यूरोफीडबॅक म्हणतात. डोक्याला इलेक्ट्रोड, समोर स्क्रीन. लहर हव्या त्या ठेक्यात आली की स्क्रीनवरचं चित्र पुढे सरकतं, नाही आली की थांबतं. मेंदू हळूहळू शिकतो. ही थाप नाही. १९६०च्या दशकात बॅरी स्टर्मन यांनी मांजरींना असं शिकवलं होतं. पुढे रॉकेटच्या इंधनाचे विषारी परिणाम तपासताना दिसलं, की शिकलेल्या मांजरींना झटके सहजी येत नाहीत.

पीटीएसडीवरही प्रयोग झालेत. बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटानं २०१६ मध्ये ५२ जणांवरचा अभ्यास छापला. इतर उपचार करूनही बरे न झालेले लोक. २४ सेशननंतर न्यूरोफीडबॅक घेतलेल्यांमध्ये लक्षणं चांगलीच उतरली. आशा वाटावी असं आहे हे. पण तुलना होती ती नुसत्या थांबून राहिलेल्या लोकांशी. म्हणजे फायदा लहरी बदलल्यानं झाला, की आठवड्यातून दोनदा कुणीतरी आपली वाट बघतंय, विचारपूस करतंय, यानं झाला, ते या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही.

आणि हेडफोनचं काय? एका कानात २०० हर्ट्झचा सूर आणि दुसऱ्या कानात २०४ चा दिला, तर मेंदूला चारचा हेलकावा जाणवतो. हाइनरिश डोव्ह या जर्मन शास्त्रज्ञाला हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. ऑपरेशनआधीची धाकधूक यानं थोडी कमी होते, असं काही प्रयोगांत दिसलंय. पण मेंदूच्या लहरी खरंच त्या ठेक्यावर येतात का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. आघात यानं बरा होतो, याला आधार नाही. ऐकून बरं वाटत असेल तर ऐका, आवाज कमी ठेवा. फक्त त्याला उपचार म्हणू नका.

तेव्हा त्या बहिणीला माझं उत्तर असं, की नको घेऊस. निदान आत्ता नको. जे आधी करायचं ते अजून झालेलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी ज्या उपचारांची शिफारस केली, त्यांत मुख्य दोन आहेत. एक, आघातावर बेतलेली सीबीटी, म्हणजे तज्ज्ञाच्या सोबतीनं त्या आठवणीकडे थोडं थोडं करून जाणं. दुसरा ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवतात. तुझ्या भावाला पीटीएसडी आहे, खोल उदासी आहे की दुःखच अजून ओलं आहे, हे जाहिरात सांगू शकत नाही. त्याला बघूनच कुणीतरी सांगू शकेल. मुकादमाच्या उचलीचा विचारसुद्धा करू नका. एक हंगाम फेडण्यात जाईल आणि पोरगं तिथंच राहील.

फुकट किंवा कमी पैशात काय आहे?

१४४१६. हा टेलिमानसचा नंबर, पाठ करून ठेवा. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलाय. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. घरातल्या दुसऱ्यासाठीही फोन करता येतो. बीड जिल्ह्यात असाल तर जिल्हा रुग्णालयात विचारा, किंवा अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात जा. शेतकरी कुटुंबांसाठी राज्य सरकारनं २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात मराठवाड्यातले आठही जिल्हे होते. गावातल्या आशाताईला विचारायला लाजू नका. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार सरकारी दवाखान्यात हे उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे. कुणाचे उपकार नाहीत.

एक गोष्ट थेट सांगते. ज्या घरात एक माणूस असा गेलाय, तिथं दुसरं कुणी "मला जगायचं नाही" म्हणालं, तर नाटक समजू नका. "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं ते विचार डोक्यात भरत नाहीत. बऱ्याचदा सुटल्यासारखं वाटतं. त्याला एकटं सोडू नका. फोन लावा, दवाखान्यात न्या. जिवावर बेतलं असेल तर ११२.

घरी काय करता येईल?

पहिलं, श्वास. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छान अभ्यास आला होता. इटलीत लोकांना लॅटिन जपमाळ आणि 'ओम मणि पद्मे हुम्' म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदय आणि रक्तदाब यांचा मेळ सुधारला. मला लगेच आपला हरिपाठ आठवला. ओळ लांबवत म्हणताना श्वास सोडणं लांबतंच की! देव मानत नसाल तरी हरकत नाही. चार आकडे श्वास घ्या, सहा आकडे सोडा, पाच मिनिटं. घाव यानं भरत नाही, पण राखणदार जरा खाली बसतो. डोळे मिटले की भीती वाढते, असं काहींचं होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीला टेकवून करावं.

दुसरं, झोप. गाढ झोपेतली डेल्टा आणि स्वप्नांच्या झोपेतली थीटा आठवणी लावून ठेवायच्या कामात असतात. आघात झालेल्याची नेमकी हीच झोप मोडते, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी राग-रडू आवरत नाही. उठायची वेळ एकच ठेवा. थीटाचा व्हिडिओ संपल्यावर बोटं रील्सवर जातात, तेव्हा मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत. एकच खोली असेल तर निदान हाताच्या पल्ल्याबाहेर. उसाच्या फडावर कोपीत झोपणाऱ्याला "शांत, अंधाऱ्या खोलीत झोपा" हा सल्ला देता येत नाही, मला माहितीये. तिथं एवढंच सांगेन, की रात्री दचकून उठणाऱ्या पोराला भिंतीकडची जागा द्या आणि शेजारी ओळखीचं माणूस असू द्या.

तिसरं तेच, ओळखीचं माणूस. उपदेश नको, "विसर आता" नको, "तू घरचा कर्ता आहेस" तर मुळीच नको. रोज ठरलेल्या वेळी सोबत चहा प्यायचा. तो बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर बसायचं. बुखारेस्टच्या मुलांना मिळालं ते साधारण हेच होतं, आणि त्याचं पॅकेज कुणी विकत नाही.

चला, आज इतकंच. हा भाग कुणाला पाठवावासा वाटला तर पाठवा, आणि सोबत १४४१६ लिहून पाठवा. पुढच्या भागात झोप आणि शिफ्टची नोकरी. प्रश्न असतील तर व्हॉट्सॲपवर टाका, नाव जाहीर करणार नाही.

काळजी घ्या. भेटूच.